कवडीचें मोल

मराठी घरांत कवडीचें नांव वारंवार निघतें. घेतलेला माल वाईट निघाला म्हणजे तो कवडीमोल ठरतो. हातीं कांहीं उरलें नाहीं म्हणजे फुटकी कवडीही राहिली नाहीं असें म्हणतात. पैशाला जिवापलीकडे जपणाऱ्या मनुष्यास कवडीचुंबक हें विशेषण आपोआप चिकटतें. भाषेनें कवडीचा निकाल असा केव्हांच लावून टाकला आहे. परंतु तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यांत माळ असते ती कवड्यांची. सारीपाटाचें दान पडतें तें कवड्यांनीं. विरजण उत्तम लागलें म्हणजे गृहिणी कौतुकानें सांगते कीं, आज दहीं अगदीं कवडीसारखें लागलें आहे. जी वस्तु इतकी क्षुद्र, ती देवीच्या भक्ताचें भूषण कशी झाली?

या कोड्याचें उत्तर अवघड नाहीं. म्हणींतील कवडी ही टाकाऊ वस्तु नव्हे. तें एके काळचें सर्वांत लहान नाणें होय. रुपयाच्या मानानें तें क्षुद्र होतें, पण नाणें होतें. म्हणून तर धड कवडी आणि फुटकी कवडी असा भेद झाला. ज्या वस्तूस मोलच नाहीं ती फुटली काय आणि धड राहिली काय, पाहतो कोण? हिंदुस्थानच्या पूर्व भागांत आणि आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागांत कित्येक शतकें या नाण्यावर बाजार चालले. या नाण्यानें लोकांनीं भात विकत घेतला, सरकारचा सारा भरला, आणि माणसेंही विकत घेतलीं. एका इवल्याशा समुद्री गोगलगाईच्या कवचास एवढें मोल कोठून आलें, आणि तें गेलें तेव्हां कोणाचें काय गेलें, हा इतिहास पाहण्याजोगा आहे.

कवडीचा प्राणी हिंदी महासागर आणि पॅसिफिक महासागर यांच्या उष्ण भागांत, प्रवाळाच्या खडकांवर, उथळ पाण्यांत राहतो. दिवसा तो दगडांच्या व प्रवाळांच्या खालीं दडतो आणि रात्रीं बाहेर पडून शेवाळ खरवडून खातो. लहानपणीं त्याचें कवच पातळ व तोंडाशीं मोकळें असतें. वाढ पुरी होत आली कीं कवचाची बाहेरची कड आंत वळते, जाड होते, तिच्यावर दांत उमटतात आणि तोंडाची केवळ एक अरुंद फट उरते. जिवंतपणीं या प्राण्याच्या अंगाची एक मऊ घडी दोहों बाजूंनीं वर येऊन कवचावर पसरते. ती कवचास बाहेरून थर देते व त्यास खरचटूं देत नाहीं. म्हणूनच कवडी कोणा कारागिरानें घांसल्यावांचून चकाकते. व्यवहारांत चाललेली कवडी बहुधा १ ते ३ सेंटिमीटर लांबीची, पिवळसर पांढरी व कडेला किंचित् फुगीर असे. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस यानें १७५८ सालीं प्राण्यांस शास्त्रीय नांवें दिलीं तेव्हां या जातीस त्यानें 'मोनेटा' म्हटलें. लॅटिन भाषेंत मोनेटा म्हणजे नाणें.

नाण्याच्या अंगीं जे गुण पाहिजेत ते या कवचांत पुष्कळ आहेत. एका जातीच्या कवड्या आकारानें जवळजवळ सारख्या असतात. त्या कुजत नाहींत, गंजत नाहींत, आणि सहसा फुटत नाहींत. त्या मोजून देतां येतात, मापानें भरून देतां येतात, तोलूनही देतां येतात. धातूच्या नाण्याची कड कातरून चोरी करतां येते. कवडींत ती सोय नाहीं. खोटी कवडी घडवावयाची तर तिला खऱ्या कवडीहून अधिक खर्च लागेल, म्हणून त्या भानगडींत कोणी पडत नाहीं. या नाण्यास राजाचा छाप नको, टांकसाळ नको, सोनार नको.

एवढे गुण असूनही आणखी एक गोष्ट आवश्यक होती. कोंकणच्या किनाऱ्यावर शिंपले खंडीनें पडतात, पण त्यांवर कोणी बाजार चालविला नाहीं. कारण जें दाराशीं फुकट मिळतें त्याच्या मोबदल्यांत कोणी धान्य देत नाहीं. नाणें व्हावयास कवडी दुरून यावी लागे. चीन देशांत आन्यांग येथें फू हाओ या राणीची इ. स. पूर्वी सुमारे १२०० या काळांतील समाधि १९७६ सालीं उघडण्यांत आली, तिच्यांत साडेसहा हजारांहून अधिक कवड्या सांपडल्या. तें स्थळ समुद्रापासून दूर, आंतल्या मुलखांत आहे. चिनी लिपींत धन, व्यापार, किंमत अशा अर्थाच्या अनेक अक्षरांत कवडीचें चिन्ह आजही दिसतें. थोडक्यांत म्हणजे, कवडीच्या मोलांतला मोठा भाग तिच्या प्रवासाचा होता.

हा प्रवास जेथून सुरू होई तीं मालदीव बेटें. सिंहलद्वीपाच्या नैऋत्येस हिंदी महासागरांत प्रवाळाच्या लहान लहान बेटांची ही लांबलचक माळ आहे. तेथें नारळ आहे, मासळी आहे, पण भाताचें शेत नाहीं. उथळ प्रवाळी पाण्यांत कवड्या मात्र अमाप. दहाव्या शतकांतील अरब ग्रंथकार मसूदी यानें लिहिलें आहे कीं, तेथील राणीचा खजिना रिता झाला म्हणजे ती नारळीच्या झांवळ्या समुद्रावर टाकावयास सांगे. कवडीचे प्राणी त्यांस चिकटत, मग त्या झांवळ्या ओढून वाळूवर पसरीत, आणि उन्हानें आंतला जीव मेला कीं कवड्या खजिन्यांत जात. अकराव्या शतकांत अल्बेरुणीनें या द्वीपसमूहाच्या एका भागास कवड्यांचीं बेटें व दुसऱ्यास काथ्याचीं बेटें असें म्हटलें आहे.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हा दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याचा वकील म्हणून चीनकडे निघाला, दौलताबादेवरून खंबायतेस व तेथून कालिकतेस गेला, आणि पुढें १३४३ सालीं मालदीवांत पोंचला. तेथें त्यास काजीचें पद मिळालें, त्यामुळें तेथील व्यवहार त्यानें आंतून पाहिला. कवड्या समुद्रांतून काढून किनाऱ्यावरील खड्ड्यांत टाकीत; मांस कुजून गेलें कीं पांढरें कवच उरे. १०० कवड्यांस एक नांव, ७०० स दुसरें, १२,००० स तिसरें व १ लक्षास 'बुस्तू' असे मोजमाप होतें. सोन्याच्या एका दिनारास ४ बुस्तू, म्हणजे ४ लक्ष कवड्या मिळत. कधीं भाव उतरला तर एका दिनारास १० लक्षही मिळत. बंगालचे लोक त्या नेत आणि त्यांच्या बदल्यांत भात देत, कारण बंगाल्यांत कवडी हेंच चलन होतें. बेटवाल्यांच्या दृष्टीनें हा सौदा उत्तमच होता. समुद्रांतून काढलेल्या कवचांस वर्षाचा भात मिळे.

या कष्टाचें चित्र फ्रेंच खलाशी पिरार द लाव्हाल यानें अधिक स्पष्ट दिलें आहे. त्याचें जहाज १६०२ सालीं मालदीवांत फुटलें आणि १६०७ पर्यंत त्यास तेथें अडकून राहावें लागलें. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आगेंमागें तीन तीन दिवस कवड्या वेंचण्याचें काम चाले. स्त्रिया कमरेइतक्या पाण्यांत उतरून वाळूंतून व खडकांवरून त्या गोळा करीत. नारळीच्या पानांच्या पाट्यांत १२,००० कवड्यांचा एक एक गठ्ठा बांधला जाई. एका वर्षांत ३० ते ४० जहाजें केवळ कवड्यांनीं भरून बंगाल्याकडे गेलेलीं आपण पाहिलीं असें तो सांगतो.

बंगाल्यास एवढ्या कवड्यांची गरज कां होती, हें समजण्यास जुनें गणित उघडावें लागतें. संस्कृतांत कवडीस कपर्द, कपर्दिका, वराटक अशीं नांवें आहेत, आणि कपर्दावरूनच आपला कवडी हा शब्द आला. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सुमाराच्या 'लीलावती'च्या आरंभीं जें कोष्टक आहे त्याची पहिली पायरीच कवडी आहे. २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म. म्हणजे १,२८० कवड्यांचा १ द्रम्म. ज्या भास्कराचार्यांच्या विद्येच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला, त्यांचें हें कोष्टक. आतां बंगालचें कोष्टक पाहावें. ४ कवड्यांचा १ गंडा, २० गंड्यांचा १ पण, १६ पणांचा १ काहन. गुणाकार केला तर १ काहन म्हणजे नेमक्या १,२८० कवड्या. 'लीलावती'तला द्रम्म आणि बंगालचा काहन हे कवड्यांच्या संख्येनें तंतोतंत जुळतात. पाठशाळेंतलें गणित आणि बाजारांतला व्यवहार यांची वीण किती घट्ट होती याची ही साक्ष आहे.

चिनी यात्रेकरू फा-हियान पांचव्या शतकाच्या आरंभीं मध्यदेशांत आला तेव्हांही लोक खरेदीविक्रीस कवड्या वापरीत असल्याचें त्यानें नमूद केलें. बंगालचा शेवटचा मोठा हिंदु राजा लक्ष्मणसेन याच्याविषयीं तेराव्या शतकांतील इतिहासकार मिन्हाज सांगतो कीं, त्या राजाचें लहानांत लहान दान १ लक्ष कवड्यांचें असे. लक्ष हा आंकडा ऐकून डोळे दिपतात; पण हिशेब केला तर तें दान ७८ काहनांचें होतें. राजाच्या औदार्याइतकाच त्या नाण्याचा बारीकपणाही यांत दिसतो.

आणि त्या बारीकपणांतच कवडीचा खरा उपयोग होता. रुपया ही मोठी रक्कम होती. मजुराच्या हातीं तो क्वचित् येई. मूठभर मीठ, पळीभर तेल, चार केळीं, नावाड्याचें उतारभाडें, यांस रुप्याचें नाणें चालत नाहीं. रुपें व तांबें बंगाल्यास बाहेरून आणावें लागे. लहान नाणें पाडावयाचें तर पाडण्याचा खर्चच त्याच्या किमतीवर चढे. कवडीनें ही अडचण दूर केली. तें गरिबाचें नाणें होतें. श्रीमंत रुपयांत हिशेब ठेवी, गरीब कवड्यांत जगे, आणि दोहोंच्या मधला भाव सराफ ठरवी. पुढें जें घडलें त्याचें मूळ या मधल्या भावांत आहे.

इब्न बतूता मालदीवांतून गेल्यावर सुमारे दहा वर्षांनीं सहारा वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेंतील माली राज्यांत गेला. तेथील बाजारांत त्यास ओळखीची वस्तु दिसली, तीच कवडी. पण येथें सोन्याच्या एका दिनारास १,१५० कवड्या मिळत. मालदीवांत ४ लक्ष, मालींत १,१५०. म्हणजे वाटेंत तिचें मोल सुमारे साडेतीनशें पट झालें होतें. कवडींत तर कांहींच बदल झाला नव्हता. या दोन आंकड्यांमधल्या अंतरांत पुढच्या पांचशें वर्षांचा व्यापार सांठविलेला आहे. ज्याला दोन्ही टोकांचे भाव ठाऊक आणि ज्याच्यापाशीं दोन्ही टोकांस पोंचणारें जहाज, त्यास ही समुद्रांतील टांकसाळच हातीं आल्यासारखी झाली.

तें जहाज युरोपियनांपाशीं होतें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरांतल्या कवड्या पश्चिम आफ्रिकेच्या बेनिन राज्याकडे नेण्यास सुरुवात केली. त्यांच्यामागून डच व इंग्रज आले. मालदीवची गलबतें दरसाल ओरिसांतील बालासोर बंदरीं कवड्या आणीत. डच लोक सिंहलद्वीपांतही त्या घेत. गलबत डोलूं नये म्हणून तळाशीं वजन घालतात, त्यास खलाशी नीरम म्हणतात. इतर जहाजें नीरमास दगड व वाळू भरतात. युरोपास परत जाणाऱ्या जहाजांत कापड व मसाले यांच्याखालीं हें काम कवड्या करीत, म्हणून त्यांच्या वाहतुकीस वेगळा खर्च फारसा पडत नसे. लंडन व ॲम्स्टरडॅम येथें त्यांचा लिलाव होई. तेथून त्या पिंपांत भरून गिनीच्या किनाऱ्यावर जात. तेथें या कवड्यांनीं गुलाम विकत घेत, आणि ते अमेरिका खंडांतील उंसाच्या मळ्यांवर नेत.

हा व्यापार किती मोठा होता? हॉगेनडॉर्न व जॉन्सन या इतिहाससंशोधकांनीं डच व इंग्रज व्यापाराचे आंकडे जुळवून १९८६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबानें अठराव्या शतकांत या दोन राष्ट्रांनींच पश्चिम आफ्रिकेंत सुमारे १,००० कोटि कवड्या उतरविल्या. सर्व कवड्या गुलामांच्याच खरेदींत गेल्या असें नाहीं, आणि गुलामाची किंमतही केवळ कवड्यांत देत नसत. कापड, बंदुका, दारू, लोखंड हा मालही त्यांत असे. तरी किमतीचा मोठा भाग कवड्यांचा असे, विशेषतः व्हिडा बंदरीं आणि १७२७ सालीं तें बंदर जिंकणाऱ्या दाहोमी राज्यांत.

त्या किनाऱ्यावरची मोजणी अशी होती. ४० कवड्यांची १ सर, ५० सरांचें १ 'डोकें', म्हणजे २,००० कवड्या, आणि अशा १० डोक्यांचें १ पोतें, म्हणजे २०,००० कवड्या. मालदीवच्या कवड्या एका रत्तलांत सुमारे ४०० बसतात. तेव्हां असें एक पोतें सुमारे ५० रत्तलांचें, एका हमालाच्या डोक्यावरचें ओझें होई. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हिडा येथें एका गुलामाची किंमत सुमारे १०,००० कवड्या, म्हणजे अर्धें पोतें होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती दीड लक्षांवर गेली. एका मनुष्याची सगळी किंमत कवड्यांतच चुकती केली असती तर ती वाहून नेण्यास सात-आठ माणसें लागलीं असतीं. किंमत एवढी चढली म्हणून माणसाचा मान वाढला असें मात्र मुळींच नाहीं. माणसें मागणाऱ्या जहाजांची गर्दी वाढली आणि कवड्यांचे ढीग उंच झाले, त्याचा हा परिणाम होता. कवडी जितकी अधिक आली तितकी स्वस्त झाली.

हा प्रसंग मन सुन्न करणारा आहे, आणि त्यांतली एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मालदीवची जी स्त्री कमरेइतक्या पाण्यांत उभी राहून कवड्या वेंची, तिला आपल्या मुलांसाठीं भात हवा होता. बंगालच्या शेतकऱ्यास भात विकून मीठ घ्यावयाचें होतें. आफ्रिकेच्या बाजारांत याम व ताडतेल विकणाऱ्या बायकांसही तेंच पाहिजे होतें. यांपैकीं कोणासही या सांखळीचीं दोन्ही टोकें दिसत नव्हतीं. तीं ज्यांस दिसत होतीं ते लंडन व ॲम्स्टरडॅम येथील लिलावांत बसले होते.

इकडे हिंदुस्थानांत १७६५ सालीं बंगालची दिवाणी इंग्रजांच्या कंपनीकडे आली आणि कवड्यांनीं सारा भरणारे कांहीं मुलूखही तिच्या हातीं आले. आज बांगला देशांत असलेल्या सिल्हेट येथें १७७८ सालीं रॉबर्ट लिंडसे नांवाचा अधिकारी गेला. त्याच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. तेथें रुप्याचें वा तांब्याचें नाणें जवळजवळ नव्हतें. मुलखाचा वसूल २,५०,००० रुपयांचा, आणि तो येई कवड्यांत, रुपयास ५,१२० या भावानें. म्हणजे ४ काहनांचा १ रुपया. रुप्याचा एक तोळाभर रुपया एका हातीं आणि सुमारे १३ रत्तल कवड्या दुसऱ्या हातीं, अशी ती बरोबरी होती. सगळा वसूल कवड्यांत धरला तर त्या १२८ कोटि होतात, आणि त्यांचें वजन चौदाशें टनांच्या घरांत जातें. त्यांसाठीं मोठीं कोठारें बांधलेलीं होतीं. वर्षाच्या शेवटीं सशस्त्र होड्यांच्या तांड्यांतून त्या डाक्क्यास रवाना होत. या खटाटोपांत शेंकडा दहाचें नुकसान येई, वाटेंतली चोरी निराळीच. ज्या नाण्यावर बाजार सुखानें चाले तेंच नाणें कलकत्त्याहून राज्य करणाऱ्या कंपनीस भार वाटूं लागलें, तें यामुळें. कंपनीस रुपें हवें होतें, कारण फौजेचा पगार कवड्यांत देतां येत नव्हता.

याचा परिणाम सर्वांत तीव्रपणें दिसला तो ओरिसांत, आणि त्या कथेशीं मराठ्यांचा संबंध आहे. ओरिसा १७५१ पासून नागपूरकर भोंसल्यांच्या अमलाखालीं होता. त्या काळीं तेथील साऱ्याचा हिशेब कवड्यांच्या काहनांत होत असे. भोंसल्यांचा अंमल सौम्य होता असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांच्या स्वारांच्या धाडींची आठवण बंगाली मायलेकरांच्या अंगाईंत राहिली आहे. परंतु सारा ज्या नाण्यांत पिकाची विक्री होई त्याच नाण्यांत ठरलेला होता. १८०३ सालीं देवगांवच्या तहानें ओरिसा कंपनीकडे गेला. कंपनीनें थोड्याच वर्षांत साऱ्याचा भरणा रुप्यांत मागण्यास आरंभ केला. सरकार जें नाणें घेत नाहीं त्यास उठाव राहत नाहीं. रुपयास ४ काहन हा भाव उतरत उतरत ६ ते ७ काहनांवर गेला.

याचा अर्थ शेतकऱ्याच्या घरीं काय झाला तो पाहावा. तो भात विकी तो कवड्यांतच. पूर्वी एक रुपया सारा भरण्यास त्यास ५,१२० कवड्या लागत. आतां ७ काहनांच्या भावानें ८,९६० लागूं लागल्या. कागदावर सारा एका पैनेंही वाढला नव्हता. पण घरांतून जाणारें धान्य जवळजवळ पाऊणपट अधिक झालें, आणि मधला बट्टा सराफाच्या पेटींत पडला. थकबाकी राहिली कीं जमिनीचा लिलाव होई, तोही दूर कलकत्त्यास. मिठाच्या मक्त्यानें मीठ महागलें होतें, आणि खुर्द्याच्या राजाच्या पाईकांच्या चाकरीच्या जमिनी सरकारनें काढून घेतल्या होत्या. १८१७ सालीं बक्षी जगबंधु यांच्या नेतृत्वाखालीं खुर्दा येथें पाईकांचा उठाव झाला. त्याच्या कारणांत कवडीची ही हुंडणावळ अधिकाऱ्यांनाही मान्य करावी लागली. उठाव मोडला, कवडी मात्र सरकारी हिशेबांत परतली नाहीं. मराठींत खुर्दा म्हणजे मोड, चिल्लर. खुर्दा नांवाच्या गांवीं चिल्लर नाण्याच्या दुःखानें उठाव व्हावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

१८३५ सालीं कंपनीनें सर्व मुलखांत एकच रुपया सुरू केला, आणि पुढें तांब्याच्या लहान नाण्यांचा सुळसुळाट झाला. बंगाल-ओरिसाच्या आठवडे-बाजारांत कवडी कांहीं काळ टिकली, मग तीही गेली.

आफ्रिकेंत तिचा अंत निराळ्या रीतीनें झाला. ब्रिटिश पार्लमेंटानें १८०७ सालीं गुलामांचा व्यापार बंद केला, परंतु साबणासाठीं व यंत्रांसाठीं ताडतेलाची मागणी वाढली व कवड्या तेलाच्या खरेदीसाठीं जाऊं लागल्या. १८४५ च्या सुमारास हँबुर्गच्या व्यापाऱ्यांनीं मालदीवची वाट सोडून झांझिबारकडील कवड्या आणण्यास आरंभ केला. ही जात थोडी मोठी. तिच्या पाठीवर सोनेरी वलय असतें. ती फार स्वस्त मिळे. मालदीवची कवडी निदान दुर्मिळ तरी होती. आतां जहाजेंच्या जहाजें रिकामीं होऊं लागलीं. कवडीचा भाव असा कोसळला कीं पोतें बाजारांत नेण्याची मजुरी पोत्यांतल्या मालाच्या किमतीस खाऊं लागली. पुढें वसाहतीचीं सरकारें आलीं. ब्रिटिशांनीं १९०४ सालीं नायजेरियांत कवड्या आणण्यास बंदी केली व करभरणा आपल्या नाण्यांत मागितला. ज्यांनीं मुलीच्या लग्नासाठीं, म्हातारपणासाठीं, दुष्काळासाठीं मडक्यांत कवड्या पुरून ठेविल्या होत्या, त्यांची पुंजी एका हुकुमानें शिंपल्यांची झाली. त्यांना ती देणाऱ्यांनीं मात्र तिचा मोबदला केव्हांच जहाजांत भरून नेला होता.

स्वतंत्र झालेल्या घाना देशानें १९६५ सालीं आपलें नवें नाणें काढलें. त्याचें नांव 'सेडी'. अकान भाषेंतील कवडी या अर्थाच्या शब्दावरून तें घेतलें आहे. ज्या किनाऱ्यावर कवडीनें माणसें विकलीं गेलीं, त्याच किनाऱ्यावरील लोकांनीं तें नांव पुनः आपलें म्हणून स्वीकारलें.

कवडीचा दोष कवडींत नव्हता. ती हजार वर्षें गरिबाच्या बाजाराची सोय होती, आणि तिच्यासारखें लहान व खात्रीचें नाणें सरकारी टांकसाळींस फार उशिरां साधलें. नाण्याचें मोल घेणाऱ्याच्या विश्वासावर उभें असतें. तो विश्वास हजारों सामान्य माणसांनीं मिळून, देवघेवीनें, हळूहळू बसविलेला असतो. आणि तो मोडण्याचा अधिकार मात्र थोड्यांच्या हातीं राहतो. नाणें बदललें जातें तेव्हां तें कोणापाशीं सांठलेलें आहे हें पाहिल्यावांचून बदलूं नये, एवढा धडा खुर्द्यापासून नायजेरियापर्यंत एकसारखाच लिहिलेला आहे.

यापुढें कोणी एखाद्या वस्तूस कवडीमोल म्हणेल तेव्हां व्हिडाच्या किनाऱ्यावरचीं तीं पोतीं आठवावीं. तेथें माणसें अक्षरशः कवडीमोलानें गेलीं. आराध्याच्या गळ्यांतली माळ त्या बाजारापासून दूर राहिली. तिच्यांतल्या कवड्यांस भाव कधींच नव्हता, म्हणून तो उतरलाही नाहीं.